संगणक-जाळ्यांतील अधिप्रमाणनाची चित्ररूप प्रशासन-साधने

जाळ्याने जोडलेल्या संगणकावर एखादी व्यक्ती स्वतःची जी ओळख सांगते ती खरी आहे की नाही, हे पडताळण्याच्या क्रियेस अधिप्रमाणन म्हणतात. वापरकर्त्यांची नोंद करणे, परवलीचे शब्द बदलणे, खाती बंद करणे व कोणास काय करता येईल हे ठरविणे, ही या व्यवस्थेच्या प्रशासनाची कामे होत. ती लेखी आज्ञांऐवजी पडद्यावरील खिडक्या, सूच्या व बटणे यांच्या साहाय्याने करून देणाऱ्या आज्ञावलींना चित्ररूप प्रशासन-साधने म्हणतात. अधिप्रमाणनाची गणिती बाजू कितीही भक्कम असली, तरी नोंदींत बदल करण्याचे साधन सदोष असल्यास सर्व व्यवस्था निकामी होऊ शकते. त्यामुळे या साधनांचा इतिहास हा मुख्यतः अधिकार कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाचा इतिहास आहे.

प्रारंभ : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत फेर्नांदो कॉर्बाटो यांच्या मार्गदर्शनाखाली १९६१ मध्ये सीटीएसएस ही कालविभाजन प्रणाली तयार झाली. तीत प्रत्येक वापरकर्त्यास परवलीचा शब्द असे. १९६६ मध्ये या प्रणालीत घडलेला अपघात उद्‌बोधक आहे. मजकूर दुरुस्त करणारी आज्ञावली ठराविक नावाची एकच तात्पुरती फाइल वापरीत असे. एक प्रशासक दैनिक सूचना व दुसरा परवलीच्या शब्दांची यादी एकाच वेळी दुरुस्त करीत असता त्या दोहोंची अदलाबदल झाली आणि प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढे सर्वांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले. दोष पडताळणीच्या रीतीत नव्हता. तो प्रशासनाच्या साधनात होता. पुढे युनिक्स प्रणालीत परवलीचा शब्द मूळ रूपात न ठेवता एकमार्गी रूपांतर करून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी तिचे विवेचन १९७९ मध्ये प्रसिद्ध केले.

केर्बेरॉस : याच संस्थेत १९८३ मध्ये अथीना प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी मांडलेल्या शेकडो संगणकांवर अधिप्रमाणन करण्याकरिता स्टीव्ह मिलर व क्लिफर्ड न्यूमन यांनी केर्बेरॉस ही व्यवस्था आखली. ग्रीक पुराणकथेतील पाताळाच्या तीन तोंडी रक्षक श्वानावरून हे नाव घेतलेले आहे. रॉजर नीडम व मायकेल श्रोडर यांच्या १९७८ च्या योजनेवर ती आधारलेली असून तीत परवलीचा शब्द जाळ्यावरून पाठविला जात नाही. त्याऐवजी मध्यवर्ती सेवा-संगणक ठराविक मुदतीचे कूटबद्ध तिकीट देतो. तिची पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये प्रमाणित झाली.

केर्बेरॉसच्या प्रशासनासंबंधी १९८८ मध्येच वर्णिलेले नियम आजही मार्गदर्शक आहेत. नोंदींत बदल केवळ मूळ प्रतीतच करता येई. इतर प्रती वाचण्यापुरत्याच असत. प्रशासकास नेहमीच्या ओळखीहून वेगळी प्रशासकीय ओळख व वेगळा परवलीचा शब्द वापरावा लागे. बदलासाठीचे तिकीट मिळविताना परवलीचा शब्द पुन्हा द्यावा लागे, म्हणजे कोणी संगणक तसाच सोडून गेल्यास येणाऱ्या-जाणाऱ्यास त्याचा परवलीचा शब्द बदलता येत नसे. मान्य झालेली वा नाकारलेली प्रत्येक विनंती नोंदविली जाई.

चित्ररूप साधनांचा उदय : लेखी आज्ञा पाठ असलेले तज्ज्ञ थोडे असत; जाळी मात्र कचेऱ्याकचेऱ्यांतून पसरत गेली. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी प्रणालीबरोबर वापरकर्त्यांची सूची खिडकीत दाखविणारे साधन आले. परंतु त्यातील सूची सलग असल्याने एका विभागापुरता अधिकार वाटून देण्याची सोय नव्हती. त्याच वर्षी नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर ४ मध्ये संस्थेची रचना वृक्षरूपाने मांडणारी निर्देशिका आली. विंडोज २००० मधील ॲक्टिव्ह डिरेक्टरीत वृक्षरूप निर्देशिका, केर्बेरॉस व चित्ररूप प्रशासन यांचा मेळ घातला गेला. सोलारिस प्रणालीतील जीकेॲडमिन हे साधनही केर्बेरॉसच्या नोंदी खिडक्यांतून हाताळू देई. मात्र प्रशासकांच्या अधिकारांची यादी सेवा-संगणकावरील साध्या मजकुराच्या फाइलीतच राहिली. सर्वांत महत्त्वाचा निर्णय असा खिडकीबाहेरच होता.

अधिकारवाटप : विंडोज २००० मध्ये एखाद्या विभागातील परवलीचे शब्द बदलण्याचा मर्यादित अधिकार दुय्यम कर्मचाऱ्यास देता येऊ लागला. सर्वाधिकार मोजक्यांकडे ठेवण्याच्या दृष्टीने ही मोठी प्रगती होती. तथापि अधिकार देताना पायरीपायरीने मार्गदर्शन करणारे हे साधन दिलेला अधिकार दाखवीत नसे आणि काढूनही घेत नसे. त्यासाठी प्रगत दर्शन हा पर्याय निवडून परवानग्यांची लांबलचक यादी तपासावी लागे. परिणामी बदली झालेल्या वा काम संपलेल्या व्यक्तींचे अधिकार वर्षानुवर्षे तसेच राहण्याचा धोका निर्माण झाला. अशा साचलेल्या परवानग्यांच्या साखळीतून सामान्य खात्यावरून सर्वाधिकारापर्यंत कसे पोहोचता येते, हे आलेख काढून दाखविणारे ब्लडहाउंड हे साधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा उपयोग आक्रमक व रक्षक दोघांनाही होतो.

अलीकडील कल : २००८ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या फ्रीआयपीए या मुक्त आज्ञावलीत निर्देशिका व केर्बेरॉस यांचे प्रशासन न्याहाळकातून करता येते, तेच काम लेखी आज्ञांनीही होते. विंडोज सर्व्हर २०१२ मधील प्रशासन-केंद्र खिडकीत केलेल्या कृतीमागील लेखी आज्ञाही दाखविते. त्यामुळे केलेले काम तपासता येते व पुन्हा करता येते.

चित्ररूप साधनांनी प्रशासन सुलभ केले व ते अनेकांच्या आवाक्यात आणले; पण सुलभतेने अधिकार देता येणे आणि दिलेले अधिकार स्पष्ट दिसणे या दोन भिन्न गोष्टी होत. यांपैकी दुसरी साधल्याखेरीज पहिली धोक्याची ठरते, हे या इतिहासावरून दिसून येते.