खडकवासल्याच्या काठावरचं जहाज

आजचा विषय आहे दुसऱ्या महायुद्धातल्या एका जहाजाचं मॉडेल. नातेपुत्यात बसून जहाजावर बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे. आपल्याकडे पाणी येतं ते नीरा उजव्या कालव्यातून. समुद्र आपल्यापासून घाट उतरून पलीकडे. पण या जहाजाच्या इतिहासातल्या दोन महत्त्वाच्या गोष्टी अशाच समुद्रापासून लांब, कोरड्या जमिनीवर घडल्या, आणि त्यातली एक आपल्या पुण्याजवळ. म्हणून हा विषय घेतला.

आधी जहाज समजून घेऊ. १९४० साली डंकर्कहून ब्रिटिश सैन्य मायदेशी परतलं, पण रणगाडे आणि तोफा तिकडेच सोडून यावं लागलं. आता परत युरोपात उतरायचं तर बंदरं सगळी शत्रूच्या ताब्यात. म्हणजे असं जहाज पाहिजे, जे महासागर ओलांडेल आणि धक्का नसताना थेट वाळूवर तोंड टेकवून रणगाडे उतरवेल. आता बघा, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. भर समुद्रात स्थिर राहायचं तर जहाज पाण्यात खोल बसायला हवं. किनाऱ्याला लागायचं तर ते उथळ तरंगायला हवं.

यावर नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकन नौदलाचे जहाजरचनाकार जॉन नीडरमायर यांनी तोड काढली. जहाजाच्या पोटात टाक्या ठेवायच्या. समुद्रात त्या पाण्याने भरायच्या, किनारा जवळ आला की उपसून टाकायच्या. शिवाय वाळूला लागण्याआधी मागचा नांगर सोडायचा आणि परतताना त्याच नांगराच्या आधारे जहाज मागे ओढून घ्यायचं. हेच ते एलएसटी, म्हणजे लँडिंग शिप टँक. या जातीची हजाराहून जास्त जहाजं अमेरिकेत बांधली गेली.

आता मॉडेलकडे येऊ. मूळ जहाज सुमारे ३२८ फूट लांब आणि ५० फूट रुंद. ७२ला एक हे प्रमाण धरलं तर मॉडेल साधारण साडेचार फूट लांब आणि सव्वाआठ इंच रुंद होतं. लांबी ७२ने भागली की रुंदीही ७२ने भागायची, इथपर्यंत सोपं आहे. वजनाला मात्र ७२चा तीनदा भागाकार करावा लागतो, कारण वजन लांबी, रुंदी, उंची या तिन्हींवर अवलंबून असतं. किनाऱ्याला लागताना हे जहाज २,३६६ टनांचं असे. त्या हिशेबाने मॉडेलचं वजन येतं सुमारे साडेसहा किलो. तेवढं भरलं तरच ते टाकीतल्या पाण्यात खऱ्यासारखं तरंगेल.

आणखी एक आकडा सांगतो. किनाऱ्याला लागताना हे जहाज पुढच्या टोकाला चार फुटांच्या जरा आत बुडालेलं असायचं आणि मागे जवळजवळ दहा फूट. असं तिरपं का? कारण आराखडा करताना गृहीत धरलेला किनारा पन्नासला एक उताराचा होता. पन्नास फूट आत गेलं की पाणी एक फूट खोल. जहाजाचा तिरपेपणाही जवळपास तेवढाच. म्हणजे हे जहाज रेखाटताना सोबत एक किनाराही गृहीत धरलेला होता. आपलं मॉडेल काचेच्या पेटीत सपाट फळीवर ठेवलं, की त्यातला नेमका हाच भाग नाहीसा होतो.

आता कोरड्या जमिनीवरच्या त्या दोन गोष्टी. पहिली अमेरिकेतली. जहाजाच्या बंदिस्त पोटात रणगाड्यांची इंजिनं एकदम सुरू केली तर धुरानं माणसं गुदमरतील, ही भीती होती. म्हणून १९४२ साली केंटकी राज्यातल्या फोर्ट नॉक्स या लष्करी तळावर जहाजाच्या त्या मजल्याची पूर्ण मापाची प्रतिकृती उभारली. आत रणगाडे चालवले आणि हवा खेळती कशी ठेवायची ते ठरवलं. त्या इमारतीला पाण्याचा थेंबही लागला नाही, तरी उत्तर बरोबर मिळालं. प्रश्नच हवेचा होता.

दुसरी गोष्ट खडकवासल्याची. युद्धकाळात तलावाच्या उत्तर काठावर तिन्ही दलांच्या एकत्रित प्रशिक्षणाचं केंद्र होतं, आणि तिथे एक नकली जहाज होतं. नाव ‘एचएमएस अँगोस्टुरा’. समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचं शिक्षण सैनिकांना त्यावर दिलं जाई. युद्ध संपलं आणि जहाज तसंच पडून राहिलं. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना तलाव, डोंगर, हवामान, जवळचा लोहगावचा विमानतळ यांच्याबरोबर हे जुनं केंद्र आणि हे जहाजही खडकवासल्याच्या बाजूने मोजलं गेलं. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी प्रबोधिनीची कोनशिला बसवली.

या जहाजावर काय शिकता येत होतं? उतरण्याची शिस्त, क्रम, एकमेकांशी ताळमेळ. आणि काय शिकता येत नव्हतं? तलावाला भरती-ओहोटी नसते, फुटणारी लाट नसते. आपल्याकडे शास्त्रात म्हणतात, दृष्टांत एकदेशी असतो. राजा सिंहासारखा आहे म्हटलं, तर राजाला शेपूट शोधायची नाही. मॉडेलचंही तसंच आहे. ते एका बाजूने खरं असतं. ती बाजू कोणती, हे विसरलो की माणसं मरतात.

उदाहरण १९७१चं. बांगलादेश युद्धात डिसेंबरमध्ये कॉक्स बझारच्या किनाऱ्यावर गुरखा जवान उतरवायचे ठरले. ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ ही आपली जहाजं एलएसटीपेक्षा लहान, पण तत्त्व तेच. घाईत योजना झाली. जहाज किनाऱ्यापर्यंत पोहोचलंच नाही, आणि पुढचं पाणी माणसाच्या उंचीपेक्षा खोल निघालं. शत्रूनं प्रतिकारही केला नव्हता, तरी अंगावर सामान घेऊन उतरलेले काही जवान बुडाले. हे ऐकून आपल्या शेतकऱ्याला नवल वाटणार नाही. रान डोळ्याला सपाट दिसतं, पण पाणी सोडल्यावरच कळतं खळगा कुठे आहे. समुद्रात उलटं असतं, तिथे पाणी आधीच सोडलेलं असतं आणि खळगा त्याच्याखाली लपलेला असतो.

समुद्राचं मॉडेल करता येत नाही का? येतं, आणि तेही खडकवासल्यालाच. १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेलं जल आणि विद्युत संशोधन केंद्र तिथे आहे. बंदरं, नद्या, धरणं यांची मॉडेलं तिथे करतात, आणि त्यात पाणी, लाटा, भरती सगळं असतं. यात एक मौज आहे. लांबी शंभरपट कमी केली, तर वेळ दहापट वेगानं धावतो. साडेबारा तासांचं भरती-ओहोटीचं चक्र सव्वा तासात उरकतं. म्हणजे नुसती वस्तू लहान करून भागत नाही, घड्याळही बदलावं लागतं.

तेव्हा ज्या मुलांना हे जहाज करायचं आहे, त्यांनी प्लायवूड घ्या, पुठ्ठा घ्या, दारं उघडझाप होणारी करा, हरकत नाही. पण जहाजाबरोबर किनाराही करा. पन्नास इंचाला एक इंच उतार द्या, वाळू पसरा आणि एका जागी मुद्दाम खळगा ठेवा. पाणी भरा आणि जहाज लावून बघा. प्रदर्शनात लोक जहाजाकडे बघतील, त्यांना खळगा दाखवा. एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.