ग्रामसभेला वकील कशाला?

गडचिरोली-चंद्रपूरच्या वनहक्कांच्या चर्चेत एक मत सिद्धान्तासारखे रुजले आहे. करारनामे, करसल्ला, लवाद हा कंपन्यांचा प्रांत. सूरजागडच्या लोहखनिजाला, बल्लारपूरच्या कागद कारखान्याला, घुग्घुस-राजुऱ्याकडच्या कोळशाला आणि सिमेंटला असे वकील लागतात, आणि ते नागपूर-मुंबईत मिळतात. ग्रामसभेला वकील हवा तो फार तर वनगुन्ह्याच्या खटल्यापुरता, आणि त्यासाठी मोफत विधी सेवा आहेच. हे मत बाळगणाऱ्यांपैकी कित्येक जण माझ्या आदराचे आहेत. त्यामुळेच ते खोडणे भाग आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. ग्रामसभा म्हणजे गाव, दुकान नव्हे. वकील आला की निर्णय गावाच्या हातून निसटतो आणि कलमांच्या हाती जातो, ही त्यामागची खरी भीती आहे. तिला जोड मिळते दुसऱ्या एका समजुतीची: जंगलातला व्यवहार शब्दावर चालतो, कागद वाढला की भांडणे वाढतात. वर फीचा प्रश्न. गरीब गावाने वकील पोसायचा कशातून?

शब्दावरच्या व्यवहाराचेच आधी बघू. महाराष्ट्रात 1969च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार राज्याच्या मक्तेदारीत गेला. तेव्हापासून विक्रेता होता वनविभाग. त्याने ठेकेदाराला कधी तोंडी भरवशावर पान दिले काय? निविदा, अनामत रक्कम, हप्ते, मुदत, दंड, सगळे लेखी होते. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाकडे आली. त्याच कायद्याच्या व्याख्येत बांबू आणि तेंदूपान दोन्ही आहेत. मालक बदलला, माल तोच राहिला, ठेकेदारही बहुधा तेच राहिले. मग सरकार विकत होते तोवर आवश्यक असलेला कागद, गाव विकू लागताच अनावश्यक कसा झाला? भोळेपणाचा हा सल्ला फक्त गावालाच का?

मुद्दा व्यवहारातला आहे. तेंदू हंगामात मजुरीचे पैसे मजुराच्या हाती लवकर पडतात. रॉयल्टी मागून, हप्त्यांनी येते. पाने तोवर ठेकेदाराच्या गोदामात गेलेली असतात. रक्कम अडकते ती नेमकी इथे. यावर कायद्याजवळ 1930पासून उत्तर आहे. मालविक्री अधिनियमानुसार पैसे न मिळालेला विक्रेता, ताबा त्याच्याकडे असेतो, माल अडवून धरू शकतो. वनहक्क नियमांतील 2012च्या दुरुस्तीने वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला, म्हणजे कुलपाची किल्लीही गावाकडेच आली. 'पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय वाहतूक परवाना मिळणार नाही' हे एक वाक्य करारात घालायला किती खर्च येतो? आणि न घातल्यास किती? शिवाय माल देऊन पैसे बुडाले, तर दाव्याची मुदत साधारणतः 3 वर्षांची. पुढच्या हंगामात बघू, असे म्हणत तीन हंगाम सहज सरतात.

कराचे तर विचारूच नका. 2017मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तेंदूपानावर 18 टक्के दर लागला. शेतकऱ्याने नोंदणीकृत व्यापाऱ्याला पान विकले, तर कर भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर, अशी अधिसूचना आहे. पण त्या कायद्यातला शेतकरी म्हणजे जमीन कसणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. ग्रामसभा यांपैकी कोण? आयकर कायद्यात विक्रेत्याने कर गोळा करायच्या मालांत तेंदूपान नावानिशी आहे. तिथेही विक्रेता कोणाला म्हणायचे, हा प्रश्न उभाच राहतो. याची उत्तरे नोटीस आल्यावर शोधायची, की करार करण्यापूर्वी?

आता मोफत विधी सेवेचा आधार. 1987च्या अधिनियमाचे कलम 12 अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला हक्क देते, आणि तो मोलाचा आहे. पण व्यक्तीचा खटला निराळा, शेकडो कुटुंबांच्या सामूहिक मालाचा सौदा निराळा. खटला उभा राहिल्यावर मिळणारी मदत आणि तो उभाच राहू नये म्हणून लिहिलेला करार, ही दोन वेगळी कामे आहेत. व्यापारी न्यायालयांच्या 2015च्या कायद्यात मालविक्रीचे करार 'व्यापारी वाद' या व्याख्येत येतात आणि 2018च्या दुरुस्तीनंतर किमान मूल्य 3 लाख रुपये आहे. चांगल्या जंगलाच्या गावाचा एका हंगामाचा सौदा ही रेषा ओलांडू शकतो. कायदा ग्रामसभेच्या सौद्यालाही व्यापार मानू शकतो. मानत नाहीत ते तिचे हितचिंतक!

उरली ती मोठी भीती: निर्णय गावाच्या हातून जाईल. याला उत्तर द्यायला मला धानोरा तालुक्याबाहेर जावे लागत नाही. मेंढा (लेखा) गावाला 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावाच्या हाती दिले. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या या गावाने अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळ्या ठेवल्या. जाणकार अभ्यासगटात बोलतो. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. वकील आणि अशील यांचे नाते याहून निराळे काय असते? ही मांडणी जिल्ह्यातच सिद्ध झालेली असताना वकिलाची एवढी धास्ती का?

कायदा आला की गाव व्यापारी वृत्तीचे होते, असेही ऐकू येते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावकडे बघा. ते गाव बांबू विकते आणि तेंदू तोडतच नाही. पान तोडण्यापायी झाडांची छाटणी होते, जंगलाला आगी लागतात, म्हणून तो हंगामच सोडला. हक्काची आणि किमतीची पक्की जाण असलेला मालकच 'विकणार नाही' असे म्हणू शकतो.

दूरचा एक दाखला. स्कॉटलंडमध्ये एग बेटाच्या रहिवाशांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या न्यासाने 1997मध्ये ते बेट विकत घेतले. पुढे 2003च्या जमीन सुधारणा कायद्याने गावसमूहांना जमीन विकत घेण्याचा अधिकार दिला. तिथल्या मध्यम आकाराच्या वकिली पेढ्यांत ग्रामीण जमीन आणि वनशेती ही नेहमीची कामे आहेत, आणि असा गावन्यास हाही अशील असतो. यात कुणाला नवल वाटत नाही.

फीचे म्हणाल, तर प्रत्येक गावाने स्वतंत्र वकील ठेवायचा नाहीच. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आहे. एक मसुदा, एक करसल्लागार, खर्च सगळ्यांत वाटून. गडचिरोलीत हजारावर गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. नागपूरच्या कोणत्या पेढीकडे एवढे अशील आहेत? येत्या हंगामाचे करार आता होतील. ठेकेदार आपला मसुदा वकिलाकडून तपासून आणील. गावाने कुणाकडून तपासावा, एवढेच वाचकांनी न्यायाधीश होऊन सांगावे.