दिनविशेष : १० मे
२०११ : मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरातील प्रेस्बिटरीच्या (विभागीय धर्मसभेच्या) मतदानाने चर्चच्या घटनादुरुस्तीला बहुमत मिळाले आणि अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये (मिरजेचे वानलेस रुग्णालय याच परंपरेच्या मिशनचे) समलिंगी स्त्री-पुरुषांना पाळक व मंडळीचे ‘वडील’ (एल्डर) होण्याची वाट खुली झाली. सभासद त्यांना आधीही होता येई. घोडे अडत होते ते पदापाशी. समलैंगिकता उघड झाल्याने १९९०मध्ये पाळकपद सोडावे लागलेल्या स्कॉट अँडरसन यांना त्याच ऑक्टोबरमध्ये मॅडिसन येथे पुन्हा दीक्षा मिळाली. एकवीस वर्षांनी! आपल्याकडे मिरजेत मिशन प्रेस्बिटेरियन, तर डहाणू-पालघर पट्ट्यात ब्रदरेन पंथाचे होते. ती ब्रदरेन मंडळी आणि आपल्याकडची प्रेस्बिटेरियन परंपरा १९७०मध्ये नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त एकत्र आल्या. कायद्याचे म्हणाल, तर भारतात समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून कायमचे बाहेर आले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी.