चौकातील फेऱ्या

सायकलशर्यत म्हटली की आपणांस मुंबई-पुणे स्पर्धा आठवते. एका गावाहून निघावे, दुसऱ्या गावी पोचावे. रस्त्याकडेच्या प्रेक्षकाला स्वार क्षणभर दिसतो आणि शर्यत पुढे निघून जाते. पेठेतील चार रस्ते बंद करून त्याच वेढ्यात फेऱ्या मारण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आणि ही उणीव दूर झाली. मी तिला ‘रिंगण-शर्यत’ म्हणेन. वारीतील रिंगण पाहिलेल्यांना अधिक सांगणे नलगे.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात समरव्हिल येथे १९४० साली अशी स्पर्धा सुरू झाली. हमरस्त्यावर बक्षिसासाठी शर्यत लावण्यास तेथील कायद्याची मनाई होती, म्हणून सायकल-दुकानदार कुगलर यांनी तिचे नाव ‘दौरा’ ठेवले! पहिली दोन वर्षे त्यांचा मुलगा फर्मन जिंकला, १९४२ मध्ये कार्ल अँडरसन. दोघेही महायुद्धात कामी आले. १९४७ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली, ती त्यांच्याच स्मरणार्थ.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात असले काही कुठले, असे कुणी म्हणेल. शर्यत नव्हती, पण रिंगण होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट आपल्यापासून तुटले. तरी सात दिवस, सात रात्री सायकलवरून न उतरणारा स्वार सीमेच्या दोन्ही अंगांना सारखाच परिचित राहिला. बाजाराच्या मैदानात कर्णा लागे, रात्री पेट्रोमॅक्स. तेलुगू, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषांत पुकारा होई. तो सायकलवरच जेवी, सायकलवरच अंघोळ करी. लोक त्याच्या सदऱ्याला रुपया-दोन रुपयांच्या नोटा टाचीत. आम्हा मुलांना त्याची मौज वाटे. वडीलधारी माणसे मात्र मध्यरात्री मुद्दाम जाऊन पाहून येत, हा खरोखर फिरतो आहे ना!

त्याला प्रतिस्पर्धी नव्हता. असलाच तर तो पोटातला. न्यूयॉर्कला बंदिस्त धावपट्टीवर सहा-सहा दिवसांच्या शर्यती होत. स्वारांचे हाल पाहून तेथे कायद्याने एका स्वारास दिवसाकाठी बारा तासांची मर्यादा घातली. त्यावर उपाय म्हणून १८९९ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनात दोघांनी आळीपाळीने धावण्याची रीत आली. ‘मॅडिसन’ या नावाने ती पुढे २००० साली सिडनी ऑलिंपिकपर्यंत पोचली. आमच्या स्वाराला ना मर्यादा मिळाली, ना जोडीदार. सातव्या दिवशी हार घालून त्याला उतरवीत, तेव्हा दोन माणसांना त्याला काखेत धरून उभे राहावे लागे. पाय जमिनीवर ठरत नसत.