रूट १२८ : बॉस्टनचा मिनिकॉम्प्युटर उद्योग

रूट १२८ – अमेरिकेतील बॉस्टन शहराला वळसा घालणारा महामार्ग. मॅसॅच्युसेट्स राज्यातील संगणक उद्योगही याच नावाने ओळखला जाई. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन यांनी १९५७ मध्ये मेनार्ड येथील जुन्या लोकर गिरणीत ‘डिजिटल इक्विपमेंट’ (डेक) ही कंपनी काढली. भांडवल होते ७० हजार डॉलर. तिचा १९६५ चा ‘पीडीपी-८’ हा मिनिकॉम्प्युटर (लहान आकाराचा संगणक) सुमारे १८ हजार डॉलरना मिळे. मेनफ्रेम म्हणजे मोठे, महागडे संगणक न परवडणाऱ्या प्रयोगशाळा आणि कारखाने त्यामुळे संगणक घेऊ लागले. डेकमधून फुटलेल्या अभियंत्यांनी १९६८ मध्ये ‘डेटा जनरल’ ही कंपनी उभारली. वर्डप्रोसेसरमुळे ‘वँग लॅबोरेटरीज’ ही याच परिसरातील कंपनी भरभराटीला आली आणि कापडगिरण्या बंद पडलेल्या लोवेल शहराला रोजगार मिळाला.

१९८० च्या दशकात वैयक्तिक संगणक आणि वर्कस्टेशन स्वस्त होत गेले. या कंपन्या मात्र यंत्रापासून सॉफ्टवेअरपर्यंत सारे घरातच बनवत. एकीचे सॉफ्टवेअर दुसरीच्या यंत्रावर चालत नसे, त्यामुळे सर्व कंपन्यांना वापरता येणाऱ्या खुल्या प्रमाणकांकडे वळणे त्यांना जड गेले. वँगने १९९२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. १९९८ मध्ये डेक कॉम्पॅक कंपनीकडे आणि १९९९ मध्ये डेटा जनरल ईएमसी कंपनीकडे गेली. अभ्यासक ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ च्या ग्रंथात कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीशी तुलना करून या ऱ्हासाचे मूळ कंपन्यांच्या बंदिस्त रचनेत दाखवले. पुढे या परिसरात जैवतंत्रज्ञान व सॉफ्टवेअर हे उद्योग वाढले.