हिरवळीचें मोल

चैत्र लागला कीं आपल्याकडचें गवत पिवळें पडतें आणि पहिल्या पावसावांचून पुन्हां डोकें वर काढीत नाहीं. इंग्लंडांत नेमकें याच्या उलट असतें. तेथें थंडींत निजलेलें गवत मार्चमध्यें जागें होतें, आणि घरासमोरील हिरवळीची मशागत हें गृहस्थाचें वसंतांतील पहिलें काम होऊन बसतें. दाताळ्यानें मेलेलें गवत व शेवाळ खरवडून काढावयाचें, गांडुळांनीं वर टाकलेली माती खराट्यानें झाडावयाची, टणक जमिनीला भोकें पाडावयाचीं, विरळ जागीं बीं पेरावयाचें, आणि माती वाळल्यावर पहिली कापणी पातें उंच ठेवून करावयाची, असा हा वार्षिक विधि आहे. तो सनातन वाटतो. परंतु १८३० पूर्वीं सामान्य गृहस्थाच्या घराशीं त्याचा संबंध क्वचितच येत असे.

अठराव्या शतकांत विस्तीर्ण हिरवळ हें बड्या जमीनदारांच्या वाड्याचें भूषण होतें. दूरच्या कुरणांत मेंढ्या चरत. वाड्याजवळचें गवत मात्र लांब दांड्याच्या विळ्यानें कापावें लागे. दंवानें भिजलेलें गवत विळ्याला चांगलें कापतें, म्हणून मजूर पहाटेसच कामाला लागत, आणि मागून खराटे घेऊन दुसरीं माणसें कापलेलें गवत गोळा करीत. असें काम वरचेवर करविणें ज्याला परवडे, त्याच्याच दारीं हिरवळ शोभे. चांगली जमीन असून तींत कांहीं न पिकविणें हेंच मुळीं ऐश्वर्याचें लक्षण होतें.

ही स्थिति पालटली ती कापडाच्या गिरणीमुळें. ग्लॉस्टरशर परगण्यांत स्ट्राउडच्या आसपास लोंकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव कातरून तें गुळगुळीत करण्यासाठीं तेथें फिरत्या पात्यांचें एक यंत्र वापरीत. एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें हीच युक्ति गवताला लाविली. जॉन फेराबी या भागीदाराच्या साहाय्यानें त्यानें ३१ ऑगस्ट १८३० रोजीं या यंत्राचें पेटंट मिळविलें. यंत्र १९ इंच रुंदीचें, लोखंडी व चांगलेंच जड होतें. १८३२ सालीं इप्स्विच येथील रॅन्सम यांच्या कारखान्यानें तें बनविण्याचा परवाना घेतला.

बडिंगच्या पेटंटांतील एक मुद्दा आम्हांस यंत्राहूनही महत्त्वाचा वाटतो. गांवाकडील सभ्य गृहस्थांना हें यंत्र स्वतः चालविण्यांत मौजेचा, उपयोगाचा व आरोग्यदायक व्यायाम घडेल, असें त्यांत सुचविलेलें आहे. मजुराचे कष्ट ते धन्याचा विरंगुळा झाले! पुढें शहरांच्या कडेला मध्यमवर्गाचीं घरें उठलीं आणि घरांपुढें हिरवा चौकोन आला. क्रोकेसाठीं १८६८ सालीं निघालेल्या एका क्लबानें १८७७ सालीं विंबल्डन येथें पहिली टेनिसस्पर्धा भरविली, तीही हिरवळीवरच. बडिंगचें नांव राहिलें. पहाटेस विळा चालविणाऱ्यांचीं नांवें राहिलीं नाहींत.

हिरवळीचें मोल माणसांनींच दिलें असें नाहीं. गांडुळांच्या मातीनें गवत विद्रूप होतें म्हणून माळी चुन्याचें पाणी ओतून त्यांचा नाश करीत. चार्ल्स डार्विन यानें १८८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरीं वर्षाला १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरांतून जाऊन वर येते. डोळ्यांना जो डाग वाटे, त्यावरच गवत पोसलें जात होतें.

१९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच सरकारनें भाजीपाला पिकविण्याची हांक दिली. तेव्हां या हिरवळी खणून लोकांनीं बटाटे व कोबी लाविली. लंडनच्या टॉवरभोंवतालच्या खंदकांतही भाज्यांचे वाफे झाले. संकट येतांच लोकांना कळलें कीं, पायांखालीं शोभा आहे तशी भाकरीही आहे. शांतता आली तशी हिरवळही परतली. २०१९ पासून प्लँटलाइफ ही संस्था मे महिन्यांत गवत कापूं नका, रानफुलें व मधमाशा जगूं द्या, असें सांगूं लागली आहे.

हिरवळ राखूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. पायांखालच्या मऊ गवताचें सुख खरें आहे. परंतु वसंतांत दाताळें हातीं घेणाऱ्यानें तें सुख कोणाच्या जिवावर उभें आहे हें ओळखावें, आणि कोपऱ्यांतला थोडा तुकडा गांडुळांना व फुलांना खुशाल सोडून द्यावा.