निशाणावरच्या लाल क्रूसाची कुळकथा

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली आणि त्याच समारंभात नौदलाचे निशाणही बदलले. पांढऱ्या कापडावरचा लाल क्रूस गेला. त्या जागी निळा अष्टकोन आला. त्याला दुहेरी सोनेरी कड, आत नांगर आणि वर राजचिन्ह. अष्टकोनाची प्रेरणा शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतल्याचे तेव्हाच जाहीर झाले. मग वादाला तोंड फुटले. गुलामीची खूण पुसली, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू विचारत होती की ज्या निशाणाखाली आपल्या नौकांनी १९७१ मध्ये कराचीवर हल्ला चढवला, ते परके कसे? या क्रूसाची रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याशी गाठ साडेतीनशे वर्षांपूर्वीच पडली होती, हे मात्र त्या गदारोळात फारसे कुणी सांगितले नाही.

हा क्रूस सेंट जॉर्जचा, म्हणजे इंग्लंडचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या निशाणावर लाल-पांढरे आडवे पट्टे असत आणि काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात हाच क्रूस. १६७९ च्या पावसाळ्यात मराठ्यांच्या आरमारातला मायनाक भंडारी माणसे घेऊन खांदेरी बेटावर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. थळच्या किनाऱ्यावरून सहज दिसणारे हे बेट मुंबई बंदराच्या तोंडावरच आहे. इथे मराठ्यांचा किल्ला उभा राहिला तर आपली ये-जा त्यांच्या नजरेखाली येणार, हे इंग्रजांनी लगेच ताडले आणि हे निशाण लावलेली गलबते पाठवून बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाच्या हाताखालचे मराठा आरमार नागावकडून चालून आले. कंपनीची मोठी गलबते वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या हलक्या नावा वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यात हव्या तशा वळणाऱ्या. ‘डव्ह’ नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांनी माणसांसकट पकडली. ‘रिव्हेंज’ लढत राहिली म्हणून इंग्रजांची अब्रू वाचली. खांदेरी मात्र मराठ्यांकडेच राहिली. पुढे १७१८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरने, चार्ल्स बूनने, पुन्हा खांदेरीवर चाल केली. कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी तीही परतवली. बेट इंग्रजांच्या हाती गेले ते मराठेशाही बुडाल्यावर, १८१८ मध्ये.

क्रूसाचा पुढचा प्रवास कागदोपत्री झाला. १८६४ मध्ये ब्रिटिश नौदलाने आपली लाल आणि निळी निशाणे बाजूला ठेवून एकच पांढरे निशाण ठेवले: मोठा लाल क्रूस आणि कोपऱ्यात युनियन जॅक. १९२८ मध्ये तेच हिंदुस्थानातल्या आरमारालाही मिळाले. २६ जानेवारी १९५० ला कोपऱ्यात तिरंगा आला, पण क्रूस जागचा हलला नाही. १५ ऑगस्ट २००१ ला तो काढून पांढऱ्यावर निळे नौदलचिन्ह घेतले. ते निळे रंगकाम आभाळात आणि पाण्यात मिसळून जाते, दुरून ओळखूच येत नाही, अशी तक्रार झाली. निशाणाचे पहिले काम ओळख पटवण्याचे. म्हणून २००४ मध्ये क्रूस परत आला, मध्यभागी अशोकस्तंभ घेऊन. २०१४ मध्ये त्याखाली ‘सत्यमेव जयते’ आले. २०२२ चा बदल हा असा, एकदा फसलेल्या प्रयोगानंतरचा.

माझ्या मते तो बदल रास्तच होता. सेवेतल्या नौकेवरचे निशाण म्हणजे रोजची सलामी. ती कोणत्या खुणेला द्यायची, हे ठरवायचा हक्क आजच्या देशाचा आहे, आणि ज्या आरमाराने त्या क्रूसाला अडवले त्याची आठवण निवडावी, यात गैर काहीच नाही. पण उतरवलेले निशाण लपवायचे नसते. ते संग्रहालयात, सालवारीसकट, सगळ्यांना दिसेल असे टांगलेले हवे.

उभ्या वास्तूंची गोष्ट वेगळी. रेवदंड्याच्या कोटाच्या दरवाज्यावर पोर्तुगीज राजचिन्ह दगडात कोरलेले आहे. १७४० च्या सुमारास हे ठाणे मराठ्यांनी जिंकले. तो दगड आजही तिथेच आहे. याच जिल्ह्यात, रायगडावर, महाराजांच्या अष्टकोनी समाधीजवळचे महाराजांचा इमानी कुत्रा म्हणून ज्याची कथा सांगतात त्या वाघ्याचे स्मारक १९३६ मधले. २०१२ मध्ये ते उखडले गेले, प्रशासनाने पुन्हा बसवले, आणि २०२५ मध्ये ते हटवण्याची मागणी पुन्हा जोरात झाली. तिथे पहारीची गरज नाही. स्मारक कधी झाले, कुणाच्या पैशाने झाले, त्यामागची कथा कागदपत्रांत सापडते की नाही, एवढे चौथऱ्यापाशी ठळक अक्षरांत लिहावे. श्रद्धा असणारा हात जोडेल, नसणारा वाचून पुढे जाईल, आणि १९३६ ची वास्तू शिवकाळातली समजण्याची चूक कुणाकडूनच होणार नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये खांदेरीचाही समावेश आहे. आता तिथे गर्दी वाढेल, माहितीफलक लागतील. पुरातत्त्व खात्याला आणि जिल्हा प्रशासनाला एकच विनंती: त्या फलकांवर मायनाक भंडारी आणि दौलतखान यांची नावे मोठ्या अक्षरांत असू द्या, आणि शेजारी ते क्रूसाचे, पट्ट्यांचे निशाणही जसे होते तसे छापा.